दंडातला काळा दोरा

राजापेठेतली भाजीवाली माझ्या दारावरून जाताना आवाज खाली करायची. मेथीच्या एका जुडीत चार पानं पिवळी निघाली तरी मी तिच्या सात पिढ्यांचं नाव काढत असे, हे तिला ठाऊक होतं. मला त्याचा अभिमान होता. नवरा लवकर गेला. एका पोराला पदराखाली घेऊन मी मिशनच्या बोर्डिंगात वीस वर्षं पोरींचा स्वयंपाक केला. तोंड नसतं तर लोकांनी मला चुलीत घातलं असतं, असं मी म्हणत असे, आणि लोकही माझ्यासमोर हो म्हणत. मागून काय म्हणत ते मी कधी विचारलं नाही.

ही गोष्ट त्रेसष्ट सालची. माझा सूर्यभान तेव्हा म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर होता. त्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. सून जमुना, अकोटची. तिचे वडील मोतीराम तिकडे कापसाच्या एका जिनात फिटर होते आणि तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पंचही होते. पोरगी कामाला चांगली, पण बोलणं मोजकं. मी दहा शब्द टाकले की ती एक 'हो मामीजी' टाकायची, सासूला आमच्याकडे मामीजी म्हणतात, आणि मग माझे पुढचे दहा तोंडातच राहायचे. बोलणाऱ्या माणसाला असं माणूस फार जड जातं.

आदल्या वर्षी श्रावणात तिला घरीच मुलगी झाली आणि दीड दिवसात गेली. खुशालराव मिस्त्रीनं चहाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी केली. पाळकसाहेब आले, चार माणसं आली, तासाभरात सगळं उरकलं. संध्याकाळी मी जमुनाच्या उशाशी बसून म्हणाले, "पोरगीच होती, बाई. दुसरं होईन." धीर द्यायला म्हणाले. तेव्हा मला ते धीर देणंच वाटलं.

मग त्रेसष्ट सालचे उपासाचे दिवस आले. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्यात उपासाचे. आमचे पाळक पुंजारामसाहेब, शांत माणूस, घाई नावाची नाही. पहिल्याच दिवशी ते देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, म्हणाले, "उपास कोणाचाही घडतो. चारा नसला की गुरांचाही घडतो. या चाळीस दिवसांत प्रत्येकानं आपली एक खोड देवापुढं आणावी आणि तिथंच ठेवून यावी." हे बोलताना त्यांनी सगळ्या बाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणूनच मला कळलं.

शेजारी सुंदराबाई बसली होती. सुंदराबाई म्हणजे आमच्या मंडळीची बायबलबाई, म्हातारी. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. मला चार अक्षरं तिनंच शिकवली, चुलीसमोर, राखेत बोटानं. ती हळूच म्हणाली, "ऐकलं का वं मनकर्णा?"

"बहिरी नाही मी," मी म्हटलं.

पण घरी आल्यावर मी ठरवलं. चाळीस दिवस कोणालाही टोचून बोलायचं नाही. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं.

आमच्याकडे प्रत्येक घरात चुलीजवळ एक गाडगं असतं. भाकरीचं पीठ घ्यायच्या आधी एक मूठ ज्वारी त्या गाडग्यात टाकायची आणि रविवारी ते धान्य देवळात द्यायचं. ती देवाची मूठ. मी आणखी एक रीत काढली. जिभेवर आलेला शब्द गिळला की गाडग्यात जास्तीची एक मूठ. पहिल्या दिवशी चार मुठी गेल्या, दुसऱ्या दिवशी सहा. रविवार यायच्या आत गाडगं भरलं, मी दुसरं आणलं. रविवारी बायका म्हणाल्या, "मनकर्णाबाई, केवढं हे!" मी म्हटलं, "प्रभूची कृपा." आणि मग कोणती मूठ कोणासाठी गिळली तेही सांगितलं. भाजीवालीची, सांगितली. पाणी उशिरा सोडणाऱ्या नळवाल्याची, तीही सांगितली.

भाजीवाली एक दिवस टोपली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, तब्येत बरी नाई काय?"

"चांगली आहे. काहून?"

"नाई, वांगे किडके निंघाले कालचे, अन् तुमी काईच बोलल्या नाई. मले वाटलं बिमार पडल्या."

जमुना आतून हसली. तिचं हसू मी त्या घरात फार ऐकलं नव्हतं. मलाही बरं वाटलं. तेव्हा तिला आत जाऊन दोन शब्द बोलले असते तर पुढचं काही घडलं नसतं, असं आता वाटतं. पण मला तेव्हा ती पोरगी दिसत नव्हती, माझं गाडगं दिसत होतं.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही कुरडयांचा घाट घातला. पातेल्यात गव्हाचा चीक शिजत होता आणि जमुना दोन्ही हातांनी लाकडी दांडा धरून हलवत होती. वाफ फार, म्हणून तिनं पोलक्याच्या बाह्या वर सारल्या. उजव्या दंडात मला काळा दोरा दिसला. दोन वेढे आणि वर एक गाठ.

दंडात काळा दोरा म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या सासऱ्यांनी ख्रिस्ती होताना गावाच्या पारासमोर आपले आणि पोरांचे दोरे-ताईत कापून टाकले होते. त्यापायी गावानं त्यांना विहीर बंद केली. सासूबाई पहाटे दोन कोस चालून पाणी आणायच्या. ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते आणि शंभर वेळा सांगत होते. आणि त्याच घरात, माझ्या चुलीसमोर, माझ्या सुनेच्या दंडात मंतरलेला दोरा! मला वाटलं, लेकरू व्हावं म्हणून ही अकोटला कोणा बाबाकडे जाऊन आली.

जिभेवर इतकं आलं की कानशिलं तापली.

"काय झालं मामीजी?" जमुनानं विचारलं. माझ्या तोंडाकडे बघूनच विचारलं असणार.

"काही नाही. चीक हलव, बुडाले लागून राहिला."

मी आत गेले आणि गाडग्यात तीन मुठी टाकल्या. एका वेळी तीन. मनात म्हटलं, बघ प्रभू, हेही गिळलं.

त्यानंतर पंधरा-सोळा दिवस मी तिला एक वाकडा शब्द बोलले नाही. सरळही बोलले नाही. तिनं ताट वाढलं की मी खाली बघून जेवत असे. तिनं विचारलं, भाजीत तिखट बरोबर आहे काय, तर मी मान हलवत असे. ती बाहेर गेली की मी तिच्या बिछान्याखाली बघत असे, आणखी काही लिंबू-बिंबू, राख-बिख ठेवलंय का. काही मिळालं नाही. एकदा सूर्यभान जेवता जेवता म्हणाला, "माय, तू बोलत जाय वं. आधी घरात आवाज राहे, आता भेव लागते."

"मी उपास धरला आहे," मी म्हटलं.

"मंग सोड तो."

मला त्याचा राग आला. तीही एक मूठ झाली.

झावळ्यांचा रविवार ईस्टरच्या आठवडाभर आधी येतो. त्याच्या आधीच्या बुधवारी बायकांची प्रार्थनासभा माझ्या घरी होती. आमच्याकडे रीत अशी की बायका सतरंजीवर गोल बसतात, सगळ्या डोळे मिटतात आणि एकीनंतर एक मोठ्यानं प्रार्थना करतात. एक संपली की बाकीच्या आमेन म्हणतात. माझ्याशिवाय चौदा बायका होत्या. जमुना माझ्या डाव्या हाताला बसली होती. बेबीताईनं आपल्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली, सुंदराबाईनं आजाऱ्यांसाठी. मग माझी पाळी आली.

मी प्रार्थना चांगली करत असे. लोक तसं म्हणत. शब्द मला कधी कमी पडले नाहीत. मी पाळकसाहेबांसाठी मागितलं, सरकारसाठी मागितलं, वाळत चाललेल्या विहिरींसाठी मागितलं. आणि मग पंधरा दिवस आत कोंबलेलं सगळं आपोआप वर आलं. मला ते राग म्हणून ओळखूसुद्धा आलं नाही, कारण त्यानं देवाचे कपडे घातले होते.

"आणि हे प्रभू," मी म्हणाले, "ज्या घरातले दोरे तू स्वतः कापलेस, त्याच घरात, माझ्याच चुलीजवळ, जे लेकरू दंडात काळा दोरा बांधून फिरते, त्याच्यावर दया कर. कूस भरावी म्हणून ते सैतानाच्या दारी गेलं. त्याची लाज तू झाक, बाप्पा. मी त्याले एका शब्दानं दुखवलं नाही, तू पाहतच आहेस."

आमेन फार मोठ्यानं आलं. इतक्या मोठ्या आवाजात त्या बायकांनी माझ्या कुठल्याच प्रार्थनेला आमेन म्हटलं नव्हतं.

मी डोळे उघडले तेव्हा तेरा बायका जमुनाच्या दंडाकडे बघत होत्या. ती डाव्या हातानं उजवी बाही खाली ओढत होती. बाही कोपरापर्यंत होतीच, तरी ओढत होती. मग ती उठली, आत गेली, चहा घेऊन आली. प्रत्येकीसमोर वाकून तिनं विचारलं, "साखर पुरे ना?" बेबीताईनं कप घेताना तिच्या दंडाला आपला हात लागू दिला नाही. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. हे मी लिहिते आहे, कारण ते खरं आहे.

बायका गेल्यावर जमुना कप गोळा करत होती. तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "मामीजी, तुमी मले इचारलं काहून नाई?"

"मी तुला काही बोलले का? एक शब्द तरी? मी देवाशी बोलले."

"व्हय," ती म्हणाली. "मी बी तिथंच बसली होती."

दुसऱ्या दिवशी ती अकोटला गेली. सूर्यभान तिला एस.टी.वर बसवून आला, सायकल भिंतीला लावली आणि माझ्याशी न बोलता शाळेत गेला. शुक्रवारी पाळकसाहेब आणि दोन पंच घरी आले. गोष्ट मंडळीभर झाली होती. पंचांचं म्हणणं होतं की जमुनानं परत येऊन त्यांच्यासमोर दोरा कापावा आणि चूक कबूल करावी, तोवर तिला ईस्टरला प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मिळणार नाही. पाळकसाहेब तेवढं विचारून गेले, "मनकर्णाबाई, तुमी स्वतः तिच्याशी बोलल्या काय?"

"मी उपास धरल्यापासून कोणाशी वाईट बोलले नाही, साहेब."

"तसं नाही इचारलं मी," ते म्हणाले, आणि टोपी घालून गेले.

पंच गेल्यावर सूर्यभान आतून आला. त्याच्या हातात माझा शिवणाचा डबा होता. डबा त्यानं माझ्यासमोर ठेवला आणि उघडला. वर काळ्या दोऱ्याचं रीळ होतं.

"हे घे. काप याले बी," तो म्हणाला.

"काय बडबडून राहिला?"

"तो दोरा तुह्याच रिळाचा आहे, माय."

मला काही समजलं नाही. तो खाली बसला. पोराचा आवाज बारीक झाला होता, लहान असताना ताप यायचा तेव्हा व्हायचा तसा.

"श्रावणात मिस्त्री माप घ्यायले आला होता. आठवते तुले? त्याच्याजवळ लोखंडी पट्टी होती. म्हणे, एवढ्याशा लेकराले लोखंड लावायले हात धजत नाई. तू तिथं बसून गोधडीले टाके घालून राहिली होती. तू रिळाचा दोरा दातानं तोडला अन् त्याले देल्ला. त्यानं पायापासून डोक्यापर्यंत लावला अन् तिथं गाठ मारली. पेटी झाली, मंग जमुनानं तो दोरा त्याच्यापासून मागून घेतला. तिच्या दंडाले त्याचे दोन वेढे बसते. बराबर दोन. तेवढी होती आपली पोरगी."

मी रिळाकडे बघत बसले. दोरा तोडल्याचं मला आठवत नव्हतं. गोधडी आठवत होती. कोणत्या कापडाची होती, तेही आठवत होतं.

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणे, कोणाले सांगा, मामीजीले नोका सांगू." तो थांबला. "तू म्हटलं होतं ना तिले, पोरगीच होती म्हणून."

त्या दिवशी मी चूल पेटवली, भाकरी केल्या, आणि गाडग्यात मूठ टाकायला हात गेला तो मागे घेतला. दुसरं गाडगं गळ्यापर्यंत भरलं होतं. मी त्याच्यावर झाकण ठेवलं. झाकण ठेवूनही ते मला दिसत होतं.

झावळ्यांच्या रविवारी मी देवळात मागच्या बाकावर बसले. सोमवारी सकाळी दर्यापुरावरून जाणाऱ्या अकोटच्या एस.टी.त बसले. सूर्यभान म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, नको. वाटेभर मी काय बोलायचं ते जुळवत होते आणि दर वेळी माझी वाक्यं चांगलीच निघत होती. त्याचीच भीती वाटत होती.

मोतीराम दारात होते. "या, इहीणबाई," म्हणाले आणि मडक्यातलं पाणी दिलं. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलं नाही. जमुना अंगणात सुपानं गहू पाखडत होती. मला पाहून ती उठली, डोक्यावर पदर घेतला, पाया पडली आणि परत सूप घेतलं.

मी म्हणाले, "चल घरी. झालं ते झालं."

हे माझं पहिलं वाक्य होतं. वाटेत जुळवलेल्यांतलं एकही नव्हतं. तोंडाला जी सवय होती ते आलं.

जमुनानं सूप थांबवलं. "काय झालं, मामीजी?"

"आता तुला ठाऊक नाही का?"

"तुमी सांगा."

मला राग आला. मी खरं सांगते, त्या वेळीही आला. उन्हात अडीच-तीन तास एस.टी.त धक्के खात ही म्हातारी इथवर आली, आणि ही पोरगी सूप हातात घेऊन मला प्रश्न विचारते! पण या वेळी माझ्यापुढं गाडगं नव्हतं. टाकायला मूठ नव्हती. तो राग घेऊन मला तिच्यासमोर तसंच उभं राहावं लागलं. तो जायला बराच वेळ लागला, आणि ती थांबली.

"चूक झाली," मी म्हटलं.

"कोणाची?"

"माही."

"जमुने!" मोतीराम आतून ओरडले. "सासू आहे ते. कशी बोलून राहिली?"

"बोलू द्या तिले," मी म्हणाले. "मी ऐकायलेच आली."

जमुना उभीच होती. तिनं कधी एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आवाजही चढवला नाही तिनं. "तुमी शिव्या देल्ल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, मामीजी. तुमच्या शिव्यांची मले सवय आहे. एका घडीनं तुमी इसरता, मी बी इसरते. पण तुमी पंधरा दिवस माह्याकडे पाहिलं नाई. अन् मंग देवाले सांगतलं. मी कोणाले सांगू आता? देव तर तुमी नेला तुमच्या बाजूनं."

 मी एक पाऊल पुढं झाले.

"माफ कर," मी म्हटलं. शब्द लहान आहे, पण मी तो कधी वापरला नव्हता, म्हणून बाहेर येताना अडकला.

"मले सांगून काय होते?" ती म्हणाली. "मी काई केलं नव्हतं, हे मले तर ठाऊकच होतं. ज्यायनं ऐकलं त्यायले सांगा. अन् डोळे मिटून नोका सांगू."

मी हो म्हटलं. मग निघता निघता विचारलं, "दोरा एकदा पाहू देतीस काय?"

"नाई," जमुना म्हणाली.

मोतीराम मला स्टँडवर सोडायला आले. एस.टी. निघताना त्यांनी खिडकीतून दोन संत्री माझ्या हातात दिली. ती संत्री मी खाल्ली नाहीत. मला ती खाण्याची लाज वाटली.

बुधवारी सभा बेबीताईकडे होती. त्याच चौदातल्या तेरा आणि मी. गाणं झालं, पाळीपाळीनं प्रार्थना सुरू झाल्या. माझी पाळी आली. मी डोळे मिटले, "हे प्रभू," म्हणाले आणि थांबले. किती सोपं होतं ते! डोळे मिटून सगळं सांगून टाकलं असतं, रडले असते, बायकाही रडल्या असत्या, आणि मनकर्णाबाईची प्रार्थना काय सुंदर झाली म्हणून घरी गेल्या असत्या.

मी डोळे उघडले. "डोळे उघडा वं," मी म्हणाले. "तुमच्याशी बोलायचं आहे."

एकेकीनं डोळे उघडले. मी सांगितलं. मिस्त्री, पट्टी, रीळ, गाठ, दोन वेढे. 'पोरगीच होती' म्हटलं होतं तेही सांगितलं. गाडग्याच्या मुठी खऱ्या नव्हत्या, मी राग गिळला नव्हता, साठवला होता आणि त्यांच्यापुढं ओतला होता, हे सांगितलं. बोलताना प्रत्येकीच्या तोंडाकडे बघावं लागत होतं. डोळे मिटायची सवय असलेल्या माणसाला ते फार कठीण असतं.

बेबीताई म्हणाली, "अवं पण बाई, दोरा तं दोराच ना. दंडात बांधला म्हणजे कसं?"

बेबीताईबद्दल मला काय काय ठाऊक होतं! तिच्या घरातल्या पेटीत काय आहे आणि कोणत्या मंगळवारी ती कुठं जाऊन आली, हे मला पाच वर्षांपासून ठाऊक होतं. ते वाक्य पूर्ण तयार होऊन माझ्या दातांपर्यंत आलं. बसल्या जागी तिचा चेहरा उतरला असता. मी तिच्याकडे बघितलं. तिचे गुडघे सुजलेले होते आणि तिनं ते पदरानं झाकले होते. मी ते वाक्य बोलले नाही, आणि आज सांगते आहे तेवढंच, पुढं कधी सांगणार नाही.

"दोरा मी दिला," मी म्हटलं. "पंचांना कापायचाच असला तर मी रीळ घेऊन त्यांच्यापुढं येईन. आधी मला विचारावं लागेल."

 मग सुंदराबाईनं तिच्या म्हाताऱ्या आवाजात विचारलं, "मनकर्णा, लेकराचं नाव काय ठेवलं होतं?"

मी तिच्याकडे बघत राहिले.

"नाव ठेवलं असन ना मायनं. दीड दिवस होतं लेकरू."

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

दोरा तोडून दिल्याचं विसरले त्याची लाज होती, प्रार्थनेची लाज होती, पण माझ्या तोंडून हे शब्द निघाले तेव्हा मला सतरंजीवर बसवेना. आठ महिने झाले होते. माझ्या घरात एक नाव होतं आणि मी ते विचारलं नव्हतं.

सुंदराबाईनं पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, उपासनेनंतर त्यांनी पंचांना बोलावलं आणि विषय मिटवला. शनिवारी सूर्यभान अकोटला जाऊन जमुनाला घेऊन आला. ईस्टरच्या सकाळी ती पांढरं लुगडं नेसून माझ्याशेजारी बसली. तिनं भाकर घेतली, प्याला घेतला आणि माझ्याकडे दिला. मी तो तसाच पुढं सरकवला. त्या दिवशी मला घेववलं नाही. पाळकसाहेबांनी ते पाहिलं. भरलेलं दुसरं गाडगं मी देवळात रिकामं केलं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यानंतर जास्तीची मूठ मी कधी टाकली नाही. सगळ्यांसारखी एक.

त्या आठवड्यात दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. मी तिला विचारलं, "जमुना, पोरीचं नाव काय ठेवलं होतं?"

ती ज्वारी निवडत होती. निवडतच राहिली. मी पुन्हा विचारलं नाही. सूर्यभानला विचारता आलं असतं, त्यानं सांगितलंही असतं. पण ते घेणं झालं असतं, मिळणं नव्हे. मी तिच्यासमोर बसून दुसऱ्या सुपातली ज्वारी निवडू लागले.

उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला. मी काही संत झाले नाही. भाजीवालीनं पुन्हा माझ्याकडून ऐकून घेतलं आणि 'बरं वाटलं मावशी' म्हणाली. जमुनावरही ओरडले, दोनदा, आणि दोन्ही वेळा परत जाऊन विचारलं, काय झालं होतं गं? पहिल्यांदा तिनं सांगितलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, दूध उतू गेलं कारण डोकं दुखत होतं. मी तिच्या कपाळाला बाम लावला. एवढंच.

श्रावणात एक दिवस ती एकटी दफनभूमीत जाऊन आली. मी दार उघडं ठेवलं होतं आणि विचारलं नाही.

मग पुन्हा उपासाचे दिवस आले आणि पुन्हा कुरडयांचा दिवस आला. पातेल्यात चीक शिजत होता. वाफ फार होती. जमुनानं माझ्यासमोरच दोन्ही बाह्या वर सारल्या. दोरा आता काळा राहिला नव्हता, धुऊन धुऊन भुरका झाला होता. गाठ तशीच होती. मी बघितलं आणि तिच्या हातांखाली दांडा धरला. चीक घट्ट झाला होता, एका माणसाला ओढवत नव्हता.

बऱ्याच वेळानं, पातेल्याकडे बघतच, तिनं मला ते नाव सांगितलं.

ते मी इथं लिहीत नाही. ते तिनं मला सांगितलं होतं.